गाळपेरातले पट्टकदंब

उजनीच्या काठी पक्ष्यांचे फोटो काढायला निघताना सूर्योदयाच्या वेळेआधी पाणी कुठवर उतरलंय, हे विचारावं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पावसाळ्यात भरलेला फुगवटा नंतर मागे सरकू लागतो आणि काठची ओली, काळी जमीन उघडी पडते. तिथे शेतकरी हरभरा, मका पेरतात. हीच गाळपेर. भिगवणजवळ, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला अशी रानं आहेत.

जानेवारीत आम्ही ज्यांच्या रानात गेलो, ते काका मोटर चालू करायला आले होते. रोहित पक्ष्यांचं विचारलं, तर म्हणाले, "पाणी लई हाय अजून. उतरलं की येतील. आत्ता हरभऱ्यात बदकं बसत्यात, ती बघा." काकांची बदकं म्हणजे पट्टकदंब, हिमालय ओलांडून येणारे पाहुणे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. रोहित चोच उलटी बुडवून पाणी गाळून खातो, त्याला उथळ पाणी हवं. पट्टकदंब चरतो, त्याला कोवळा पाला हवा.

पिकात पाय न घालता बांधाच्या आडोशाला पालथं पडायचं. लेन्सखाली धान्य भरलेली कापडी पिशवी, उगवतीकडे पाठ. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याइतका खाली आला, की मागचं पाणी धूसर होऊन पक्षी उठून दिसतो. कोवळ्या उन्हातही पांढरं डोकं भगभगीत होतं आणि पिसांचा पोत जातो. म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवायचं, काळा गाळ आणखी काळा झाला तरी चालेल.

मग थांबायचं. थव्यातले काही पक्षी सतत पहाऱ्यावर असतात. त्यांच्या माना ताठ झाल्या, की आपण हलायचं नाही. माना पुन्हा खाली गेल्या, तरच पुढे सरकायचं. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, नाव थेट थव्यात घालायला लावतात. मला ते पाहवत नाही. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला चरण्यासाठी सकाळचा जो वेळ मिळतो, तो एका फोटोसाठी हिरावून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ते आपणहून उठतातच. उठण्याआधी माना हलू लागतात, आवाज वाढतो. तेवढ्यात शटर १/२००० वर नेता येतं.

ऊन चढलं, की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही महाग लेन्समधून विरघळल्यासारखा येतो. तेव्हा आवरायचं. आवरताना काकांना फोटो दाखवले. पट्ट्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो कोपरा खाल्ला बघा. हितं परत टोकाय लागंल." आणि खुरपं घेऊन तिकडे गेले.