उपासमारीनंतरचे पहिले दिवस

भुकेल्याला पोटभर जेवू घालावे, ही शिकवण आपणा सर्वांच्या घरात आहे. परंतु दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न दिल्यास ते जिवावर बेतू शकते. याची माहिती सभासद बंधुभगिनींना व विद्यार्थ्यांना असावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अ‍ॅनोरेक्सिया या आजारात रुग्ण, बहुधा तरुण मुली, वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडतात. हा हट्ट नव्हे, मानसिक आजार आहे. नाडी मंदावते, अंग गार पडते, पाळी थांबते आणि अखेर रुग्णालय गाठावे लागते. आता ती जेवेल व बरी होईल, असे घरच्यांना वाटते. नेमका त्याच वेळी एक नवा धोका सुरू होतो.

उपाशी शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून जगते. पेशींतील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा आटतो. रक्ततपासणीत मात्र आकडे ठीक दिसू शकतात. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत, वहीत शिल्लक दिसते पण तिजोरी रिकामी! अशा वेळी भात, पोळी, गोडधोड भरपूर मिळाले की इन्शुलिन वाढते, रक्तातील ही द्रव्ये पेशींत ओढली जातात व रक्तातील प्रमाण झपाट्याने घसरते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अपुरा पडतो, झटके येतात. पायांवर सूज चढते, आणि नातलग म्हणतात, "पोरीने अंग धरले!" यालाच 'रिफीडिंग सिंड्रोम' म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात उपासमारीचा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. मेळघाटातील कुपोषित बालकांचे मृत्यू १९९३ साली देशभर गाजले. तीव्र कुपोषित बालकांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत प्रथम 'एफ-७५' हा दुधाचा पातळ आहार (१०० मि.लि. मध्ये ७५ कॅलरी) दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडा थोडा देतात. बाळ सावरल्यावरच 'एफ-१००' सुरू होतो. कारण वेगळे असले तरी शरीराचा नियम तोच. म्हणून अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णाचाही आहार डॉक्टर पायरीपायरीने वाढवतात, थायमिन हे जीवनसत्त्व देतात, रक्त व हृदय वारंवार तपासतात.

याचा अर्थ अन्न रोखावे असा मुळीच नाही. अन्न हेच औषध आहे, पण औषधाला मात्रा असते. सोलापुरात कोणी दाखल झाले की घरचा डबा निघतोच. तो मायेचा डबा उघडण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि विद्यार्थिनींनो, एखादी मैत्रीण जेवण टाळत सुकत चालली असेल तर तिची थट्टा न करता वेळीच घरच्यांना सांगा. त्याने एक जीव वाचू शकेल.