स्लाव नृत्ये : ताल, दाम आणि नाव

श्रोतेहो, आधी एक लहानसा प्रयोग करू. टाळीने सहा मात्रा मोजा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन. लगेच त्याच सहा अशा मोजा : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. प्रत्येक ‘एक’वर जोर द्या. दुसरी विभागणी दादरा ऐकणाऱ्या कानाला ओळखीची वाटेल. या दोन्ही एकामागून एक आल्या की बोहेमियातील शेतकऱ्यांच्या ‘फुरियान्ट’ नाचाचे पाऊल पडते. फुरियान्ट म्हणजे ताठ्याने चालणारा गडी.

हे पाऊल युरोपभर नेले अंतोनीन द्वोर्झाकने. त्याचा जन्म १८४१ साली प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावी, खाटकाच्या घरी झाला. बोहेमियावर तेव्हा ऑस्ट्रियाच्या बादशहाचे राज्य होते. प्रागच्या नाट्यगृहात तो व्हायोला वाजवी. गरीब कलावंतांसाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीसाठी त्याने अर्ज केला, तेव्हा परीक्षक ब्राम्सने त्याचे गुण हेरले आणि बर्लिनच्या झिम्रॉक या प्रकाशकाकडे त्याची शिफारस केली. ब्राम्सच्या ‘हंगेरियन नृत्यां’ना चांगला खप होता, त्याच धर्तीवर स्लाव नृत्ये झिम्रॉकला हवी होती. १८७८ साली द्वोर्झाकने आठ नृत्ये लिहिली. आधी एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी, आणि लागलीच वाद्यवृंदासाठी.

ब्राम्सने बहुतेक प्रचलित चाली घेतल्या होत्या. द्वोर्झाकने चाली स्वतः रचल्या; लोकांकडून घेतला तो ताल. पहिले व आठवे नृत्य फुरियान्ट आहे. दुसऱ्यात युक्रेनकडील ‘दुम्का’ आहे : उदास सूर चालू असता मध्येच नाच उसळतो आणि पुन्हा शांत होतो.

आता हिशेब पाहू. तो माझ्या कामाचा विषय आहे. पहिल्या आठ नृत्यांचे द्वोर्झाकला ३०० मार्क मिळाले. बर्लिनच्या वृत्तपत्रात लुई एहलर्टचा स्तुतिलेख येताच दुकानांत झुंबड उडाली. फायदा झाला प्रकाशकाचा. १८८६ साली दुसऱ्या आठ नृत्यांचे मात्र ३००० मार्क मिळाले. मधल्या काळात इंग्लंडमध्ये त्याचा मोठा सन्मान झाला होता, आणि ‘या दरात जमणार नाही’ असे म्हणण्याची ताकद त्याच्या अंगी आली होती.

भांडण नावाचेही होते. झिम्रॉक मुखपृष्ठावर जर्मन वळणाचे ‘अंतोन’ छापी. द्वोर्झाकला ते खपेना. अखेर दोन्ही भाषांत चालेल असे ‘अंत.’ हे लघुरूप ठरले. माझ्या पहिल्या कारखान्यात आम्हाला बिल्ल्याच्या नंबराने हाक मारीत. आमच्या पहिल्या मागणीपत्रात पगारवाढीखालोखाल ‘नावाने हाक मारावी’ हे कलम होते. साहेब हसले होते. द्वोर्झाक हसला नसता.

ज्यांच्या पायांनी हा ताल घडवला, त्या शेतकऱ्यांची नावे कुठेच छापलेली नाहीत. पहिले नृत्य ऐकाल तेव्हा टाळी देऊन मोजा. ती त्यांची हजेरी समजा.