आग बाहेर, चक्र आत

यंदा अंगणात भुईचक्र गरगरू लागले की मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. ठिणग्या मागे सुटतात म्हणून चक्र पुढे पळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोने असेच एक यंत्र वर्णिले आहे. खाली पाण्याचे भांडे, वर पोकळ गोळा, गोळ्याला दोन वाकड्या नळ्या. नळ्यांतून वाफ सुटे आणि गोळा फिरे. भुईचक्राची आग त्याच्या पोटात. याची बाहेर, भांड्याखाली. फरक लहान दिसतो, पण आग बाहेर असली म्हणजे चुलीत काय घालायचे ते मालकाने ठरवावे!

पुढे वाफेची एंजिने आली. त्यांत वाफ दट्ट्याला ढकलते आणि दट्ट्या दांड्याकरवी चाक फिरवतो. वाफेने सरळ चाकच का फिरवू नये? अडचण अशी, की मोकळी सुटलेली वाफ बंदुकीच्या गोळीशी स्पर्धा करते. तिचा सगळा जोर घ्यायचा तर चाकालाही भयंकर वेगाने फिरावे लागणार.

यावर चार्ल्स पार्सन्स या आंग्ल-आयरिश एंजिनिअरने १८८४ साली काढलेली युक्ती मला फार घरगुती वाटते. माडीवरून उडी मारली तर पाय मोडतो. जिन्याने उतरले तर मोडत नाही. त्याने वाफेसाठी जिना बांधला. पात्यांची एक रांग स्थिर, दुसरी फिरती, पुन्हा स्थिर, पुन्हा फिरती. प्रत्येक पायरीवर वाफेचा दाब थोडा उतरतो आणि फिरती पाती तेवढाच जोर घेतात. तरीसुद्धा ते पहिले टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेई!

१८८९ मध्ये भागीदारी मोडली आणि पेटंटे भागीदारांकडे राहिली. स्वतःच्याच शोधाला हात लावायची चोरी! गडी दुसऱ्या रचनेचे टर्बाइन करीत बसला. हक्क परत मिळाले ते १८९४ साली. मग त्याने 'टर्बिनिया' ही शंभरेक फुटांची नौका बांधली. ती पळेना. पंखा इतका जोरात फिरे की भोवतालच्या पाण्यात पोकळ्या पडत. पार्सन्सने टाकीत लहान पंखे फिरवून तो प्रकार डोळ्यांनी पाहिला, आणि एका आसाऐवजी तीन आस व नऊ पंखे बसविले.

२६ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून स्पिटहेडला आरमाराची पाहणी चालली होती. युद्धनौकांच्या रांगांमधून ही चिमुकली नौका भरधाव सुटली. आरमाराच्या पहारेकरी नौकांना ती सापडेना. तिचा वेग ३४ नॉटपर्यंत जाई! आगाऊपणाच म्हणायचा, पण अर्ज-विनंत्यांनी हे काम झाले असते असे मला वाटत नाही. १९०६ साली 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका टर्बाइन घेऊनच पाण्यात उतरली.

जहाजांवर पुढे डिझेल आले. वीजगृहांतून मात्र हे चक्र हललेले नाही. चंद्रपूरला चुलीत कोळसा, तारापूरला अणूची उष्णता. फिरते ते वाफेचे टर्बाइनच. आणि आपल्या कित्येक साखर कारखान्यांत रस काढून उरलेले उसाचे चिपाड जाळतात, त्या वाफेवर कारखाना चालवतात आणि उरलेली वीज विकतात.