पाऊणशे किलोमीटरचा अँटेना

बंगळूरहून आनेकलकडे निघालं की इलेक्ट्रॉनिक्स सिटी लागते, आर. के. बाळिगांनी १९७०च्या दशकात केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीमार्फत उभारलेली. आसपास इंजिनिअरिंग कॉलेजं उदंड. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशनच्या मुलांना मॉड्युलेशन शिकावंच लागतं, आणि ते गणितापेक्षा एका उदाहरणाने लवकर कळतं. बोलण्यातला १ किलोहर्ट्झचा सूर त्याच कंप्रतेच्या रेडिओलहरीने पाठवायचा, तर तरंगलांबी ३०० किलोमीटर. अँटेना तिच्या पाव लांबीचा धरला तरी ७५ किलोमीटर, म्हणजे आनेकल-बंगळूर जवळपास जाऊन-येऊन! (खांब रोवणार कोण?) म्हणून तो सूर ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीवर चढवायचा; हेच मॉड्युलेशन. आता पाव तरंगलांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, खिशात मावणारी. मोबाइल आधी आवाजाचे आकडे करतो, पण ते न्यायलाही लहर लागतेच. शिवाय कंप्रता वाटून दिल्या नाहीत, तर शेजारशेजारच्या टॉवरचे संदेश एकमेकांत कालवले जातील.