कॅमेऱ्याच्या अलीकडचे हात

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरच्या सल्ल्यांचा आकडा आणखी एखाद्या कोटीने सरकला की दिल्लीहून पत्रक निघते आणि दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे छापून येते. फेब्रुवारी २०२३मध्ये दहा कोटींचा टप्पा ओलांडला तेव्हा पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला होता, आज तो आकडा तीस कोटींच्या पुढे गेला आहे. तो खोटा आहे असे कुणी म्हणत नाही. पण तो मोजतो काय? कॉल लागला आणि संपला, एवढेच. त्या वेळी रुग्णाशेजारी कोण होते, त्याला काय तपासता येत होते आणि सांगितलेली गोळी त्याच्याकडे होती की नाही, यातले काहीच त्या आकड्यात नाही. दुरून दिलेला वैद्यकीय सल्ला कामी येतो की वाया जातो, हे मात्र बहुतेक वेळा याच गोष्टींवर ठरते. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे महाराष्ट्रातले कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी बेमुदत संपावर गेले. बातम्यांत चर्चा झाली ती लसीकरणाची आणि प्रसूतींची. टेलिमेडिसिनचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण ते इंटरनेटवर चालते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते उपकेंद्रातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या जोरावर चालते, आणि तो माणूस कंत्राटी आहे.

तंत्राकडे बघत राहण्याची ही सवय जुनीच. आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या खेड्यात अपोलोने टेलिमेडिसिन केंद्र उभारले आणि मार्च २०००मध्ये भारतभेटीवर आलेल्या बिल क्लिंटन यांनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हाही बातमी होती ती पडद्याची. मग इस्रोच्या उपग्रहांचे कौतुक झाले, नंतर मोबाइल डेटाचे. मोहालीच्या सी-डॅकने तयार केलेल्या ई-संजीवनीला दोन दारे आहेत. नोव्हेंबर २०१९मध्ये उघडलेल्या पहिल्या दाराने उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला सीएचओ म्हणतात तो, डॉक्टरशी बोलतो. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२०मध्ये उघडलेल्या दुसऱ्या दाराने रुग्ण घरून थेट डॉक्टरला गाठतो. वर्तमानपत्रांतल्या चित्रांत नेहमी दुसरे दार दिसते: सोफा, लॅपटॉप, हसरे आजोबा. वर्दळ आहे ती पहिल्या दारात. दहा कोटींच्या टप्प्यावर सरकारने दिलेल्या माहितीत लाभार्थ्यांपैकी ५७ टक्क्यांहून अधिक महिला होत्या. यात मला तरी नवल वाटत नाही. तालुक्याच्या गावी जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते आणि सोबत कुणीतरी पुरुष लागतो. उपकेंद्रापर्यंत ती एकटी चालत जाऊ शकते.

तिथे गेल्यावर जे होते त्यातला मोठा भाग कॉल लागण्याआधीचा असतो. सीएचओ बीपी घेतो, शुगर बघतो, हिमोग्लोबिन तपासतो, पापणी ओढून बघतो. गरोदर बाईच्या पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहतो. पोटदुखीच्या रुग्णाला आडवे करून उजवीकडे खाली दाबतो, कारण तिथे हात लावताच रुग्ण कळवळला तर तो मामला पित्ताच्या गोळीचा नसतो. हे सगळे नीट झाले तर पलीकडच्या डॉक्टरला निदानासाठी काही हाती लागते. नाहीतर ‘दोन दिवस ताप आहे, अंग दुखतंय’ एवढ्यावर पॅरासिटामॉल लिहून तो पुढचा कॉल घेतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? सल्ल्यानंतरचे कामही अलीकडेच असते. उपकेंद्रात १०५ औषधे असावीत असे केंद्राचे नियोजन आहे. त्यातले हवे ते कपाटात नसेल तर ई-प्रिस्क्रिप्शन हा केवळ सुवाच्य अक्षरातला कागद.

कायद्याचा प्रवासही याच मुद्द्याभोवती फिरतो, फक्त तसा वाचला जात नाही. सिझेरियननंतर घरी गेलेली रत्नागिरीची एक रुग्ण त्रास होऊ लागल्याने पुन्हा रुग्णालयात आली; डॉक्टर गावात नव्हते, उपचार फोनवरून सांगितले गेले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. जुलै २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. निदान न करता औषध सांगणे हा गुन्हेगारी स्वरूपाचा निष्काळजीपणा ठरतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यानंतर फोनवर साधी क्रोसिन सांगायलाही डॉक्टर कचरू लागले. मग २५ मार्च २०२० रोजी, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. व्हॉट्सॲपसुद्धा चालेल, असे त्यांत नावानिशी लिहिलेले आहे. कोणती औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतील, कोणत्यांसाठी आधी व्हिडिओवर रुग्ण दिसलाच पाहिजे, कोणती केवळ आधी तपासलेल्या रुग्णालाच देता येतील आणि अमली द्रव्ये व शेड्यूल एक्समधली कोणती कधीच लिहिता येणार नाहीत, याच्या याद्या आहेत. सर्वाधिक चर्चा या याद्यांचीच झाली. पण रुग्ण ते डॉक्टर या मार्गाबरोबरच आरोग्य कर्मचारी ते डॉक्टर असा वेगळा मार्ग या तत्त्वांनी मान्य केला, आणि रुग्णाला तपासून डॉक्टरला कळवण्याचे काम त्या कर्मचाऱ्याकडे दिले. माझ्या मते त्या दस्तऐवजातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

त्या कर्मचाऱ्याच्या हाताला किती किंमत आहे, याचा पुरावा शोधायला परदेशात जावे लागत नाही आणि गंमत म्हणजे त्या पुराव्यात इंटरनेट कुठेच नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ जन्मल्यावर घरी जायचे, वजन करायचे, ऊब कशी द्यायची ते आईला दाखवायचे, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे तपासायची आणि ती दिसली तर तोंडाने प्रतिजैविक व जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा द्यायचे, असे त्यांचे काम. इंजेक्शनच्या या शेवटच्या भागावर वैद्यकीय जगाचे डोळे पांढरे झाले असतील तर ते समजण्यासारखे आहे. १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हजार जन्मांमागे ६२ मृत्यू होत असत, ते पंचवीसच्या आसपास आले. त्याआधी न्यूमोनियावर काम करताना याच मंडळींनी श्वास मोजण्याचे एक साधन बनवले होते, त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते आणि ओढायला मणी होते. शंभरापर्यंत आकडे न येणाऱ्या बाईलाही बाळाचा श्वास धोक्याच्या वेगाने चाललाय का, हे त्यावरून कळे. आजच्या व्हिडिओ कॉलवर, तुटक रेंजमध्ये, दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्याचे श्वास मोजायला कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला सांगून पाहा. दुपटे बाजूला करून, बाळ शांत होईपर्यंत थांबून, पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहणारे माणूस तिथे लागतेच. गडचिरोलीच्या प्रयोगात निर्णयसुद्धा त्याच माणसाचा होता. टेलिमेडिसिनमध्ये निर्णय लांबच्या डॉक्टरकडे आला, पण पाहणे जिथल्या तिथेच राहिले. पुढे २०११पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपाने हे काम देशभर नेले गेले, ही बातमी मात्र तीस कोटींच्या आकड्याइतकी गाजली नाही.

कधीकधी हे हात यंत्राचे असतात. गोव्यात २०१८च्या अखेरीस सुरू झालेल्या हृदयविकार योजनेत आरोग्य केंद्रावर छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी काढला जातो, तो दूरवर वाचला जातो आणि झटक्याचे निदान होताच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे रवाना करता येते. दूरस्थ वैद्यकाचे याहून चोख उदाहरण माझ्या नजरेत नाही. तरी बारकाईने पाहिले तर तारेवरून जातो तो फक्त ईसीजीचा आलेख. छातीवर ईसीजीच्या तारा योग्य जागी लावणे, शीर शोधणे, इंजेक्शन देणे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बीपीवर नजर ठेवणे, हे सारे केंद्रावरची परिचारिका आणि डॉक्टर करतात.

यावर शहरातला वाचक म्हणेल की आम्हाला असा कुणी मध्ये लागत नाही. खरे आहे. थायरॉइडचा रिपोर्ट दाखवून मात्रा बदलून घ्यायची, मधुमेहाच्या जुन्या रुग्णाची महिन्याची नोंद पाहायची, पुरळाचा फोटो त्वचारोगतज्ज्ञाला पाठवायचा, यासाठी दवाखान्यात ताटकळण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्याचे तर क्षेत्रच निराळे. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलणाऱ्याला नळी लावावी लागत नाही. उलट ओळखीच्या गावात मानसोपचाराच्या दारात दिसण्यापेक्षा फोन बरा वाटतो. पण या यादीतले बहुतेक रुग्ण आधीच कुणीतरी तपासलेले आहेत, त्यांच्याकडे रिपोर्ट आहेत आणि बीपीचे यंत्रही घरात आहे. मधला माणूस त्यांच्याकडे आधीच येऊन गेलाय.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या डॉक्टरांचा: स्पर्शाविना वैद्यक नाही. तत्त्व म्हणून मान्य. मात्र आपल्या ओपीडीत स्पर्श कितीसा होतो? ६७ देशांतल्या प्राथमिक सल्ल्यांच्या वेळेची पाहणी ‘बीएमजे ओपन’मध्ये २०१७ला आली, तीत भारताच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे होती, स्वीडनच्या वाट्याला बावीसहून अधिक. दोन मिनिटांत नाडीला हात लागला तरी खूप. त्यामुळे सीएचओने पंधरा मिनिटे तपासून लावलेला कॉल हा गर्दीतल्या प्रत्यक्ष भेटीपेक्षा चांगला ठरू शकतो, आणि काहीच न तपासता लावलेला कॉल दोन मिनिटांच्या भेटीहूनही वाईट. त्याहून बोचरा तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे. शिकवून तयार केलेला माणूस, औषधे आणि यंत्रे गावात द्यायचीच असतील तर टेलिमेडिसिनने वाचवले काय? वाचते ते तज्ज्ञाचे आणि रुग्णाचे येणे-जाणे, आणि ते थोडे नाही. धडगाव किंवा भामरागडला स्त्रीरोगतज्ज्ञ टिकत नाही हे मान्य करून चालायचे, तर त्याचे मत तिथे पोहोचवणे मोलाचेच. गावपातळीवरचा खर्च मात्र त्यातून सुटत नाही, उलट वाढतो. तंत्राने मनुष्यबळाची गरज कमी होते, असे गृहीत धरून अंदाजपत्रक करणाऱ्यांची इथेच चूक होते.

ती चूक मोबदल्यातही उतरते. महाराष्ट्रात अनेक सीएचओ आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, काही नर्सिंगमधून आलेले. सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन ते उपकेंद्रात बसतात. त्यांच्या मानधनाचा एक भाग कामगिरीच्या निर्देशकांवर ठरतो आणि त्यांत टेलिकन्सल्टेशनही येते. जिथे कॉलची संख्या मोजली जाते तिथे सर्दी-खोकल्याचेही कॉल लागणार, पलीकडचा वैद्यकीय अधिकारी आपल्या ओपीडीतून मान वर करून हो-हो म्हणणार आणि आकडा पुढे जाणार. सात दिवसांनी तोच रुग्ण कसा आहे, सांगितलेले औषध मिळाले का, वर पाठवलेली गरोदर बाई रुग्णालयात पोहोचली का, हे मोजले तर कॉल कमी होतील आणि पत्रक काढण्याजोगे काही उरणार नाही.

आता या सगळ्यावर एआयचा उतारा सुचवला जातो. मार्गदर्शक तत्त्वांनी यंत्राला रुग्णाला सल्ला देण्याची वा औषध लिहिण्याची परवानगी दिलेली नाही; ते डॉक्टरच्या मदतीला असू शकते, इतकेच. ही अट शहाणपणाची आहे. एक मोठा प्रश्न मात्र या तत्त्वांतही धूसरच राहिला आहे. औषधाची व्यावसायिक जबाबदारी सही करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरवर असते. पण त्याने विश्वास ठेवला तो दुसऱ्याच्या तपासणीवर: मोजलेल्या श्वासावर, दाबून पाहिलेल्या पोटावर. ती तपासणी चुकली आणि रुग्ण दगावला, तर रत्नागिरीच्या धर्तीवरचा खटला कुणावर चालणार? ज्या डॉक्टरने रुग्णाला पाहिलेच नाही त्याच्यावर, की ज्या कंत्राटी सीएचओने पाहिले पण ज्याला औषध लिहिण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्यावर?