बटलरमधले ते सात आठवडे

यंत्रांच्या जन्मकथा : लेखांक सातवा

आपल्याकडे जुन्या जीपचा विषय निघाला की जाणकार माणूस ‘विलीज’चं नाव घेतो. साहजिकच आहे, स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला महिंद्रने सुट्या भागांतून ज्या जीप जोडायला घेतल्या, त्या विलीजच्याच होत्या. पण पहिली जीप विलीजची नव्हे. ती बनवली बँटम नावाच्या एका डबघाईला आलेल्या कंपनीने, आणि आजचा लेखांक तिच्याविषयी आहे.

मागच्या वेळी आपण लष्करातले घोडे आणि साइडकारच्या मोटरसायकली कशा मागे पडल्या ते पाहिलं. 1940 च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकी सैन्याची झोप उडाली. टेहळणीला हलकी, बुटकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. जुलैत 135 कंपन्यांकडे विचारणा गेली. गाडीचं वजन 590 किलोच्या आत हवं, तिने 270 किलो भार वाहायला हवा, पहिली गाडी 49 दिवसांत आणि सगळ्या 70 गाड्या 75 दिवसांत द्यायच्या. बहुतेकांनी तिकडे पाहिलंही नाही. पुढे आल्या दोनच कंपन्या, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. त्यातही विलीजने मुदत वाढवून मागितली.

बँटमचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावात होता. ब्रिटिश ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली मोटार अमेरिकेत बनवण्यासाठी तो उभा राहिला, पण अमेरिकनांना छोटी गाडी रुचली नाही. एकदा दिवाळं निघालं, मालक बदलला, तरी गाडं रुळावर येईना. आराखडा काढायला कारखान्यात इंजिनिअरही उरला नव्हता. डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्टला गळ घालण्यात आली, तीही काम मिळालं तरच पैसे या बोलीवर. तो 17 जुलैला बटलरला पोचला, पुढच्या दोन दिवसांत अख्ख्या गाडीचा आराखडा कागदावर उतरला, आणि 22 जुलैला बाल्टिमोरच्या कॅम्प होलाबर्डमध्ये निविदा दाखल झाली.

प्रोब्स्टच्या हिशेबाने गाडी 840 किलोंच्या आसपास जात होती. खरा आकडा लिहिला असता तर निविदा तिथेच बाद. म्हणून कागदावर अटीत बसणारं वजन दाखवलं गेलं. ही लबाडीच होती. पण अट घालणाऱ्यांनी तरी कुठे विचार केला होता? पुढे सैन्यानेच ही मर्यादा 980 किलोंपर्यंत वाढवली.

काम मिळालं, आता गाडी घडवायची होती. कॉन्टिनेन्टलचं इंजिन, वॉर्नरचा गिअरबॉक्स असे तयार भाग बाहेरून आणले आणि मडगार्ड बँटमच्याच मोटारीचे लावले. खरी अडचण होती पुढच्या ॲक्सलची. मागची चाकं नुसती फिरतात. पुढच्या चाकांना फिरायचंही असतं आणि वळायचंही. चाक वळलेलं असताना साध्या सांध्यातून ताकद दिली तर चाक एकसारखं फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात त्याचा वेग कमी-जास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. त्यासाठी कोन कितीही बदलला तरी वेग तोच ठेवणारा सांधा लागतो. एवढ्या छोट्या गाडीसाठी असा ॲक्सल बाजारात तयार मिळत नव्हता. स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन मोटारीचा ॲक्सल घेऊन त्यात बदल करून दिला. माझ्या मते जीपचा जन्म खरा इथे झाला. पत्र्याची बॉडी बटलरमधले कारागीर हाताने ठोकून काढतच होते.

23 सप्टेंबर हा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचच्या आत गाडी होलाबर्डला हवी होती. प्रोब्स्ट आणि कारखान्याचा हॅरोल्ड क्रिस्ट ती स्वतः चालवत निघाले. इंजिन नवं, त्यामुळे सुरुवातीला वेग जपून ठेवावा लागला, मग घड्याळाकडे बघत तो वाढवावा लागला. साडेचारला गाडी फाटकातून आत शिरली.

सैनिकांनी तिला खड्ड्यांतून, चिखलातून पिदडून काढलं. गाडी पसंत पडली, कारखाना मात्र सैन्याला भरवशाचा वाटेना. हजारो गाड्या लागणार होत्या आणि बटलरची कुवत तेवढी नव्हती. सैन्याने बँटमचे आराखडे सरळ फोर्ड आणि विलीजच्या हाती ठेवले. युद्धाच्या तोंडावर मोठे कारखाने लागणार हे मला पटतं. पण ज्याने रात्रीचा दिवस केला त्याच्या मेहनतीची अशी वाटणी झालेली पटत नाही.

विलीजचं श्रेयही नाकारू नये. त्यांच्या बार्नी रूसने कंपनीचं जुनं 48 अश्वशक्तीचं इंजिन सुधारून 60 पर्यंत नेलं होतं, आणि ताकदीत बाकी दोघं त्याच्या जवळपासही नव्हते. फक्त गाडी जड झाली होती. रूसच्या माणसांनी ती सुटी केली, बोल्टची जास्तीची टोकं छाटली, रंगाचा थर पातळ केला आणि ती 980 किलोंच्या आत बसवली. 1941 च्या जुलैत 16,000 गाड्यांचं काम विलीजला मिळालं. पुढे फोर्डनेही विलीजच्याच आराखड्यावर गाड्या काढल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीप झाल्या. बँटमच्या जेमतेम 2,700, त्याही बहुतेक ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाकडे गेल्या. बटलरच्या कारखान्याला उरलं ते जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवण्याचं काम.

विलीज मात्र जाहिरातींतून जीप आपणच निर्माण केल्याचं सांगत राहिली. 1948 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला असा दावा करायला मनाई केली. तोवर बँटमचा मोटारींचा धंदा बंद पडला होता.

पुढच्या लेखांकात ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाऊ. तिथे याच जीपना आगगाडीची चाकं बसवून त्या रुळांवर चालवल्या गेल्या.