निकाहाच्या जुन्या कॅसेटचे काय करायचे?

चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूच्या घरांत कपाटाचा वरचा खण उघडला की दोन-चार काळ्या व्हिडिओ कॅसेट हमखास निघतात. कुणाच्या निकाहाची, कुणाच्या वलीम्याची, एखादी अब्बा हज करून परतले त्या दिवसाची. घरचा कर्ता मुलगा कुवेत, दुबई किंवा मस्कतला असायचा. रजा मिळाली नाही तर सख्ख्या बहिणीचा निकाह तो अशा कॅसेटवरच पाहायचा आणि ती कॅसेट जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सामानातून त्याच्याकडे पोहोचायची. आज हयात नसलेल्या दादी-नानीचा चालता-बोलता चेहरा कित्येक घरांत या कॅसेटखेरीज दुसरीकडे कुठेच नाही.

आता त्या चालवायच्या कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यात आपल्या कोकणची दमट हवा. कॅसेटच्या काचेसारख्या खिडकीतून पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट तशीच लावून पाहण्याचा मोह टाळावा. फीत तुटू शकते, शिवाय यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी जाणकाराकडून ती साफ करून घ्यावी.

कॅसेटवरून संगणकात चित्रण उतरवताना घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागणारच. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्यांची पूर्वी एक ठरलेली पद्धत होती : मूळ आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी घालायची. काझीसाहेबांचा खुतबा, नवऱ्या मुलाने केलेला कबूल, रुखसतीच्या वेळी आईने केलेली दुआ, सगळे त्या गाण्यांखाली गडप. काही घरांत मात्र सजवलेल्या कॅसेटबरोबर न कापलेली मूळ कॅसेटही पडून असते. ती कंटाळवाणी वाटते, हलते, मध्येच जमीन दिसते. पण आवाज तिच्यातच आहे. आमच्या मते आधी तीच उतरवावी. गाण्यांच्या कॅसेटचा आणखी एक त्रास असा, की ती यूट्यूबवर चढवली तर गाण्याच्या हक्कावरून आवाज बंद केला जाऊ शकतो.

ज्यांच्याकडे कॅसेटऐवजी व्हीसीडी आहेत त्यांचे काम सोपे आहे. व्हीसीडीतले चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीडीच्या साधारण एक चतुर्थांश. ते मोठे करून सुधारत नाही, तेव्हा ‘एचडी करून देतो’ म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नयेत. डिस्क संगणकात घातली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ शेपटीच्या फाइली दिसतात. त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्या चालवतो. डीव्हीडीतल्या ‘व्हीओबी’ फाइलींचेही तसेच. या मूळ फाइली कधीही पुसू नयेत. वाटायची प्रत त्यांच्यापासून वेगळी बनवावी, कारण दर रूपांतराला चित्र थोडे उतरते आणि प्रतीवरून प्रत काढत गेले की शेवटी चेहरे ओळखू येत नाहीत.

वाटायची प्रत कशात करायची, हे घेणाऱ्यावर ठरते. टीव्ही दहा-बारा वर्षांच्या आतला असेल तर एमपी-फोर फाइल, तीही एच.२६४ पद्धतीची, हे सर्वांत बिनधोक. जुन्या कॅसेटचे चित्रण या पद्धतीत तासाला एक ते दीड जीबीत नीट बसते. एच.२६५ नवी पद्धत. तिच्यात जागा बरीच कमी लागते, पण जुने टीव्ही ती ओळखत नाहीत. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर चढतच नाही. अशा वेळी मेहंदी, निकाह, वलीमा असे तुकडे करावेत. पाहणाऱ्यालाही ते सोयीचे पडते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर दोन जीबीपर्यंतची फाइल आहे तशी जाते.

आणि डिस्क? ती अगदीच कालबाह्य झाली असे आम्ही म्हणणार नाही. मोबाइल न हाताळणाऱ्या नानीच्या घरी डीव्हीडी प्लेअर असेल तर तिच्यासाठी डिस्कच बरी. मात्र एमपी-फोर फाइल नुसती डिस्कवर उतरवून दिली तर जुना प्लेअर ती दाखवणार नाही. दुकानदाराला ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ बनवायला सांगावे. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास चांगले बसतात. वजा आर आणि अधिक आर हा झगडा आता फारसा उरलेला नाही. अगदी जुन्या प्लेअरसाठी वजा आर घ्यावी. पुन्हा पुन्हा पुसता येणारी आरडब्ल्यू भेट देण्यासाठी घेऊ नये. शेवटी ‘फायनलाइझ’ केले का, ते विचारावे. ते राहिले तर डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिकेतल्या नातलगाला डिस्क पाठवायची असेल तर एनटीएससी करून घ्यावी, कारण तिकडचे बरेच प्लेअर आपली पाल पद्धत वाचत नाहीत. आखात आणि दक्षिण आफ्रिका आपल्यासारखेच पालवाले, तिथे प्रश्न नाही. अशा डिस्क उन्हात ठेवू नयेत, वर कागदी लेबल चिकटवू नये. आणि घरात लिहिलेली डिस्क हा कायमचा साठा मानू नये, तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर वर्षांनी खराब होतो.

आता खरा नाजूक भाग. निकाहाच्या चित्रणात बायकांच्या बाजूचे चित्रण असते : मेहंदीची रात्र, हळद, गाणी म्हणणाऱ्या खाला-फुफ्या, मोकळ्या केसांच्या मुली. त्यांनी ते घरातल्या माणसांच्या भरवशावर काढू दिले होते. त्या काळी एक कॅसेट चार घरांत फिरायची. आज एक लिंक चारशे मोबाइलांत जाते आणि परत बोलावता येत नाही. म्हणून ती कॅसेट दुकानात टाकण्याआधी विचार व्हावा. ‘कॅप्चर’ करणारे छोटे यूएसबी उपकरण बाजारात मिळते, व्हीसीआर कुणाकडून मागून आणता येतो. घरातली संगणक जाणणारी मुलगी हे काम सहज करते. मग दोन प्रती कराव्यात. निकाह, खुतबा आणि पुरुषांच्या मांडवाची प्रत सर्वांना द्यावी. जनान्यातली प्रत ज्या दिसतात त्यांना विचारून, डिस्क किंवा पेनड्राइव्हवर, बाईच्या हातातून बाईच्या हातात जावी. एखादी नको म्हणाली तर तेवढा भाग कापावा. नवरीलाही विचारावे, तिचे लग्न असले तरी आज ती पन्नाशीची असेल आणि तिचे मत बदललेले असेल. चित्रण ही अमानत आहे, आणि ज्याच्या कपाटात कॅसेट आहे तो तिचा मालक नव्हे.

मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात : एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. पावसाळ्यात चिपळूणचा बाजार पाण्याखाली जातो तेव्हा एकाच घरातल्या दोन प्रती एकाच वेळी जातात. वर्षातून एकदा, ईदला सगळे जमतात तेव्हा, त्या चालवून पाहाव्यात. त्याच बैठकीत घरातल्या सर्वांत वयस्क बाईला शेजारी बसवून पडद्यावर येणाऱ्या माणसांची नावे विचारून वहीत उतरवावीत. कोण कुणाची फुफी, कोण मुंबईहून आलेली, कोण शेजारीण. पुढच्या पिढीला फाइल उघडता येईल, पण ही नावे फाइलीत नाहीत.